मशीन दाराशी की ताशी?

नागपुरातून काटोलकडे निघा, उमरेडकडे निघा, नाहीतर रामटेककडे; वहितीतल्या वावरांच्या मधेच एखादं पडीत वावर दिसतंच. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बोर आत सरकलेली, मधोमध बाभळी, खाली रायमुनियाची (घाणेरीची) जाळी आणि तिच्यातून डोकं काढणारा पळस. आठ-दहा वर्षं नांगर लागला नाही की काळी माती एवढं सहज करून ठेवते. ते वावर पुन्हा वहितीत आणायचं ठरलं की घरात पहिली चर्चा मशीनचीच होते. भाड्याने बोलवायची, की एकदाची घेऊनच टाकायची? शेजारच्या गावात कोणीतरी जेसीबी घेतलेली असते, ती रोज रस्त्याने जाताना दिसते आणि कर्जाची सोय विकणारेच करून देतात. मन लवकर तयार होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा प्रश्न शोरूममध्ये बसून सुटत नाही, वावरात टेप घेऊन सुटतो. मशीनची किंमत सगळ्यांना तोंडपाठ असते. आपल्या वावरात तिला किती तासांचं काम आहे, हे मात्र फार थोड्यांनी मोजलेलं असतं.

मोजायला अर्धा दिवस पुरतो. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखा, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका. हा चौकोन म्हणजे बरोबर 1 आर, सातबाऱ्यावर क्षेत्र ज्या मापात लिहिलेलं असतं तेच. एका एकरात असे साधारण साडेचाळीस चौकोन बसतात. वावराच्या दाट, मध्यम आणि विरळ भागात एकेक चौकोन आखून आतली झाडं जाडीप्रमाणे मोजा: अंगठ्याएवढी, मनगटाएवढी, मांडीएवढी आणि त्याहून जाड. अंगठ्याएवढं झुडूप बकेटच्या एका ओढीत इतर कचऱ्याबरोबर येतं, त्याचा वेगळा वेळ धरायचा नाही. मनगटाएवढ्याला एक मिनिट, मांडीएवढ्याला सहा-सात मिनिटं धरा. कमरेएवढी जुनी बाभूळ असेल तर एका झाडाला अर्धा तासही जातो.

समजा, सरासरी एका आरात मांडीएवढं एक आणि मनगटाएवढी चार झाडं निघाली. म्हणजे एकरी मांडीएवढी चाळीस, त्यांचे चार तास. मनगटाएवढी एकशे साठच्या घरात, त्यांचे पावणेतीन तास. काढलेलं ओढून धुऱ्याला लावायला आणि खड्डे बुजवायला आणखी दोन. एकरी पावणेनऊ तास झाले. पाच एकरांचं वावर असेल तर चव्वेचाळीस तास, आणि ताशी 1200 रुपये धरले तर 52,800 रुपये. भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतो, म्हणून आपल्याकडचा आकडा घालून हिशोब पुन्हा करा. पद्धत तीच राहील.

आता दुसरी बाजू. नवीन बॅकहो लोडर, म्हणजे आपण सगळे जिला कंपनी कोणतीही असो जेसीबीच म्हणतो ती मशीन, 35 लाखांना पडली असं धरू. 7 लाख स्वतःचे, 28 लाख कर्ज, व्याज 10 टक्के, मुदत चार वर्षं. महिन्याचा हप्ता येतो 71,000. म्हणजे आपलं पाच एकरांचं सगळं काम भाड्याने एका हप्त्याच्या आत होऊन वरून अठरा हजार उरतात. स्वतःच्या एका वावरासाठी मशीन घ्यायचा विचार मला तरी इथेच संपलेला दिसतो.

पण कोणी फक्त स्वतःच्या वावरासाठी घेतच नाही. ‘आपलं होईल, वरून लोकांची कामं करू, हप्ता निघेल’ असा विचार असतो. तोही नीट मोजून पाहू. हप्ता 71,000, ऑपरेटरचा पगार 20,000, विम्याचे महिन्याला 3,000. मशीन उभी असली तरी 94,000 द्यायचेच. चालली की तासाला पाच लिटर डिझेल, लिटरला 90 रुपयांनी 450 रुपये. ऑइल, फिल्टर, ग्रीस, बकेटचे दात, टायर यांचे ताशी 150 बाजूला ठेवले, तर 1200 च्या भाड्यातून हाती 600 उरतात. 94,000 भागिले 600, म्हणजे महिन्याला 157 तास पैसे मिळणारं काम हवं, तेही बाराही महिने.

आणि बाराही महिने काम आपल्याकडे नसतं. मृग लागला की काळ्या वावरात मशीन जात नाही, आणि सप्टेंबर सरेपर्यंत जात नाही. वर्षाचे 1880 तास आठ महिन्यांत बसवायचे तर महिन्याला 235 तास होतात. सव्वीस दिवस, रोज नऊ तास. शिवाय उधारी वेगळी. कापूस, सोयाबीन निघाल्यावर देतो म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण बँकेचा हप्ता सोयाबीनची वाट पाहत नाही.

चार वर्षांनी मशीन विकून पैसे येतात, हे कोणी म्हणेल तर बरोबर आहे. 17 लाख आले असं धरलं आणि त्यातून सुरुवातीचे आपले 7 लाख वजा केले, तर उरलेले 10 लाख अठ्ठेचाळीस महिन्यांत वाटून खरा खर्च महिन्याला 73,000 च्या आसपास उतरतो आणि तेवढ्यापुरते 122 तास पुरतात. पण ते 17 लाख चौथ्या वर्षाच्या शेवटी मिळतात, हप्ता पहिल्याच महिन्यात सुरू होतो. घेतलेल्या मशीन परत जातात त्या बहुतेक या मधल्या खिंडीत. धंदा तोट्याचा असतोच असं नाही, पावसाळ्याच्या चार महिन्यांत हातात पैसा नसतो.

म्हणून मशीन घ्यावी कोणी? ज्याच्याकडे पावसाळ्यातही चालणारं काम आहे त्याने. नागपूर शहराभोवती घरांच्या प्लॉटचे लेआउट पडतात, हिंगण्याकडे आणि वर्धा रोडला बांधकामाचे पाये, नाल्या, पाइपलाइनची कामं निघतात, मुरमाच्या जमिनीवर पावसाची उघडीप मिळाली तरी काम चालतं. असं किमान दोन ठिकाणचं बोललेलं काम, घरातला किंवा घरच्यासारखा ऑपरेटर आणि चार हप्ते पुरतील एवढी शिल्लक, या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याने जरूर घ्यावी. तीनपैकी दोनच असतील तर एक हंगाम थांबावं. ऑपरेटर सोडून गेला म्हणून दोन-दोन महिने अंगणात उभी राहिलेली मशीन हे घरातल्यांनी रोज बघावं असं दृश्य नाही.

जुनी घेणाऱ्याने तासांच्या मीटरवर विसंबू नये, मीटर बदलता येतो. मागचा बूम, म्हणजे खोदणारा हात, ज्या खांबाला जोडलेला असतो तिथल्या चेसिसवर वेल्डिंगच्या खुणा शोधा. बकेट जमिनीवर टेकवून बूम डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि सांध्यांच्या पिन-बुशमधला ढिलेपणा डोळ्यांनी पाहा. पुढचा बकेट भरून वर उचला, इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा. तो नजरेला दिसेल इतका खाली आला तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे. त्या दहा मिनिटांत बकेटखाली कोणी उभं राहू नये. ही सगळी तपासणी मशीन तासभर चालवून तापवल्यावर करा, थंड मशीन आपले दोष लपवते. आरसी बुकावर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

भाड्याने घ्यायचं ठरलं की खरं काम सुरू होतं, कारण एकाच दराने आलेली मशीन एका वावरात चाळीस तासांत काम उरकते आणि शेजारच्यात साठ तास घेते. हा फरक मशीनचा कमी आणि आपल्या तयारीचा जास्त असतो.

सगळ्यात मोठी चूक मशीन येण्याआधीच झालेली असते. लाकूड घेणाऱ्याला आधी बोलावलं जातं, तो बाभळी जमिनीसरशी कापून नेतो, चार पैसे मिळाल्याचं समाधान होतं आणि मग जेसीबी येते. आता तिला धरायला काहीच नाही. नुसतं खोड जमिनीत, भोवती दगडासारखी माती. झाड उभं असताना जे सहा मिनिटांत निघालं असतं त्याला पंधरा लागतात. म्हणून कापायचंच असेल तर छातीएवढं, साडेतीन-चार फूट खोड उभं ठेवून वरचं कापा. तेवढा बुंधा मशीनला तरफ म्हणून पुरतो, आणि त्याचं लाकूड मागाहूनही विकता येतं.

वरचं कापून असा बुंधा ठेवलेली मांडीएवढी बाभूळ चांगला ऑपरेटर कशी काढतो ते एकदा जवळ, पण बूमच्या टप्प्याबाहेर उभं राहून बघावं. मशीन पाठमोरी लावतो, दोन्ही जॅक टेकवून मागची चाकं हलकी करतो. बुंध्यापासून हात-दीड हात सोडून तीन बाजूंनी दोन-अडीच फूट खोल चर घेतो. बकेटचे दात आडव्या मुळांवर आले की कट् कट् असा आवाज येतो, तिथे तो थांबतो, दात मुळाखाली घालतो आणि वर उचलून ते तोडतो. चौथी बाजू, म्हणजे मशीनकडची, तशीच ठेवतो. मग बकेट बुंध्याच्या वरच्या टोकाला पलीकडून टेकवून स्वतःकडे सावकाश ओढतो. सोटमूळ तुटण्याआधी माती फुगते, जमिनीत एक गोल भेग उमटते, आणि झाड मुळासकट आडवं होतं. घाई करणारा चर घेतच नाही, सरळ बूम आडवा फिरवून झाडाला धक्के मारतो. त्याने खोड मोडतं, मूळ आत राहतं आणि मशीनच्या पिना-बुश झिजतात. मालक आपणहून अशा ऑपरेटरला बदलत नाही. आपण पहिल्या तासातच बोलावं लागतं.

बाभळीचं मूळ थोडं राहिलं तरी चालून जातं. बोर आणि पळस मात्र सोडत नाहीत. बोरीच्या राहिलेल्या बुडख्यातून पहिल्याच पावसात दहा फुटवे येतात, पळस तर आडव्या मुळांवरून लांब लांब नवी रोपं काढतो. यांची मुळं वीतभर खोलीपर्यंत वेचून घ्यावीच लागतात आणि ते काम मशीनमागून चालणारी दोन माणसं करतात, मशीन नाही. रायमुनियासाठी जेसीबी लावणं तर मला उधळपट्टी वाटते. कुदळीने जमिनीखाली दोन-तीन बोटं, जिथून फुटवे येतात त्या गाठीच्या खाली, मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं. फळं धरण्याआधी हे केलं तर निम्मं काम पुढच्या वर्षीचंही झालं.

मुळं पूर्ण निघणं हे ओलीवर अवलंबून आहे. मे महिन्यात मशीन सहज मिळेल असं वाटतं, पण तेव्हा काळी माती भेगाळून टणक झालेली असते, खोड मोडतं आणि मूळ तसंच राहतं. त्यात तलावातला गाळ काढण्याची कामं निघालेली असतात, भाव चढतो. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हायड्रॉलिक ऑइल तापून मशीन मंदावते, आणि मंद मशीनचा तासही साठच मिनिटांचा असतो. उन्हाळ्यात करणं भागच असेल तर पहाटे पाच ते अकरा आणि चारनंतर करा. रेडिएटरच्या जाळीत वाळलं गवत आणि रुईचा कापूस बसतो, तो दिवसातून दोनदा हवेने उडवायला सांगा. इंजिनाशेजारी साचलेला वाळका पाला पेट घेऊ शकतो.

माझ्या मते खरी वेळ कार्तिक-मार्गशीर्षाची, वाफसा आल्यावरची, म्हणजे मातीत ओल बेताची उरल्यावरची. वीतभर खालची मूठभर माती घ्या, लाडू वळा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर मशीन आणा. चापट होऊन चिकटला तर आठ दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत साडेसात टनांची जेसीबी फिरली की चाकाखालचा थर दाबून घट्ट होतो, आणि तो नांगराच्या फाळाखाली असल्यामुळे वर्षानुवर्षं दिसत नाही, नुसती कापसाची पऱ्हाटी तेवढ्या पट्ट्यात खुजी राहते. चेनवरची पोकलेन वीस टनांची असूनही वजन पसरून टाकते, त्यामुळे जमीन एवढी दाबत नाही. मात्र ती रस्त्याने चालत येत नाही, तिला ट्रेलर लागतो आणि येण्याजाण्याचं भाडं आपल्याच डोक्यावर. दहा एकरांच्या आत, मोठे दगड किंवा कमरेएवढी झाडं नसतील तर पोकलेनच्या वाटेला जाऊ नये. डोझरचं काम त्याहून मोठ्या क्षेत्राचं, तो इथे सोडून देतो.

आता वरची माती. या विषयावर सगळ्यात कळकळीने सांगण्यासारखं हेच आहे. जेसीबीचा पुढचा बकेट जमिनीला टेकवून झुडपं ढकलत नेली की वावर तासाभरात आरशासारखं दिसतं. ढिगाऱ्यात मात्र झुडपांपेक्षा माती जास्त असते. एका एकरातून फक्त दोन इंच थर गेला तर ती 200 घनमीटरच्या वर माती होते. ट्रॉलीत तीन घनमीटर धरले तर जवळजवळ सत्तर ट्रॉल्या. काटोल, हिंगण्याच्या हलक्या जमिनीत मुळात फूटभर माती आणि खाली मुरूम. तिथे दोन इंच गेले म्हणजे सहावा हिस्सा गेला, आणि तो शेणखताने दोन-चार वर्षांत परत येत नाही. म्हणून फणीसारख्या दात्यांचा बकेट असलेली मशीन मागा. दात्यांमधून माती गळून पडते. तो नसेल तर पुढचा बकेट चार बोटं वर धरून चालवायला सांगा आणि मुळांचे गड्डे दोन दिवस उन्हात सोडून, माती झटकूनच धुऱ्याला न्या. उंचसखल भाग सपाट करायचा असेल तर वरची माती आधी एका बाजूला ढिगाने काढा, खालचा मुरूम सारखा करा आणि माती परत पसरा. यात तीन-चार तास जास्त जातात. एवढे तास मी कुठल्याही वावरात आनंदाने मोजेन.

भाड्याचं बोलणं कागदावर करा, चार ओळींचा कागद पुरतो. दर डिझेलसह आहे की डिझेल आपलं. किमान किती तास धरणार. येण्याजाण्याचे तास मोजणार की नाही. बकेटचा दात किंवा होस पाइप फुटला तर कोणाचा. ऑपरेटरचं जेवण, भत्ता कोणाकडे. सुरू करताना आणि थांबताना मीटरचा मोबाइलवर फोटो काढा. मीटरचा शेवटचा आकडा दशांशाचा असतो, एक घर म्हणजे सहा मिनिटं, 3.5 म्हणजे तीन तास पाच मिनिटं नव्हे, साडेतीन तास. यावरून झालेले वाद नेहमी ऐकतो. शिवाय इंजिन चालू असेपर्यंत मीटर फिरतो, मग मशीन खोदत असो की ऑपरेटर चहा घेत असो.

मशीन येण्याआधी वावरातून एकदा पायी फिरून चुन्याने खुणा करा: बुजलेली विहीर, जुने खड्डे, जमिनीखालची पाइपलाइन, वारुळं, आग्या मोहोळ. वरून 11 केव्हीची लाइन जात असेल तर तारेपासून दहा फुटांच्या आत बूम येता कामा नये, आणि तारेखालची झाडं हातानेच काढावीत. पांदण रस्त्यावरची मोरी साडेसात टन पेलते का, तेही आधीच बघा. आणि ट्रॅक्टरला साखळी बांधून झाड उपटायच्या फंदात पडू नका. साखळी ड्रॉबारच्या, म्हणजे मागच्या ओढायच्या दांड्याच्या, वर बांधली आणि झाड हललं नाही तर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलून तो मागे उलटतो. क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

सातबारा हे काम मी शेवटी लिहिलं तरी करायचं सगळ्यात आधी. नागपूरसह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनी आहेत, आणि त्या वनजमीनच मानायच्या असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी दिला. जुन्या वाटपांपुरती त्यात सोय आहे, पण ती कागदोपत्री मिळवावी लागते. नोंदीत किंवा फेरफारात तो शब्द दिसला तर मशीनला हात लावू नका, तलाठ्याकडे आणि वनखात्याकडे जा. नोंद स्वच्छ शेतीची असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, म्हणजे साग, मोह, आंबा, चिंच, ऐन, बिजा अशी, स्वतःच्या वावरातही परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. मुरूम किंवा माती ट्रकमध्ये भरून बाहेर गेली की तो गौण खनिजाचा विषय होतो. विनापरवाना सापडल्यास महसूल कायद्याखाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि मशीनही जप्त होते. भाड्याची मशीन असली तरी जमीन आपली असते.

सगळं निघाल्यावर वावर मोकळं दिसतं, पण खड्डे तपासा. झाड काढलेला खड्डा एकदम भरला तर पहिल्या पावसात माती बसते आणि बैलाचा पाय किंवा ट्रॅक्टरचं चाक आत जातं. फूट-फूट थर देऊन बकेटने दाबायचा, वर वीतभर उंचवटा ठेवायचा. मग उन्हाळ्यात पलटी नांगराने खोल नांगरट करून वावर तसंच तापू द्यायचं, म्हणजे हरळी आणि कुंदा या तणांच्या काशा, म्हणजे जमिनीतल्या मुळ्या, वाळतात.

विकत घ्यायचंच असेल तर ते या टप्प्यावर लागणारं घ्या. पुढची दोन-तीन वर्षं बोर-पळसाचे फुटवे येत राहणार, त्यांना पाठीवरचा ब्रश कटर लागतो. गवताला दोरी किंवा तीन पात्यांचं ब्लेड, अंगठ्याएवढ्या फुटव्याला बारीक दातांचं गोल ब्लेड. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल पुस्तकात दिलेल्या मापानेच घाला. 1:50 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली. कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. पहिली फेरी जुलैअखेर, फुटवे वीतभर असताना मारा. दुसरी पोळ्याच्या सुमारास, आणि बोरीचे जे बुडखे तेव्हाही हिरवे दिसतील त्यांना खुणेची काठी रोवून ठेवा, वाफसा आला की तेवढे कुदळीने काढता येतील.